सर्व्हर धुळ्याला गेला, टर्मिनल जळगावात चालूच

आधीच सांगून टाकते. भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका बघायला धावायच्या आणि मी दार लावून घ्यायचे. तेव्हा 'ताई, तुमच्या मनाचा खेळ असेल' असं खाली लिहायची तसदी कुणी घेऊ नका. मनातून पगारबिलं छापून निघत नाहीत. माझी निघाली होती. आणि हे लिहिताना मला भीतीबिती काही वाटत नाहीये, राग येतोय. इतकी वर्षं झाली तरी तसाच्या तसा येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. 'सन दोन हजार आलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार' अशी जिकडेतिकडे आवई उठलेली. आम्ही जळगावला, नवी पेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. पुढची खोली ऑफिस, मागच्या दोन खोल्यांत घर. आमचे हे — अविनाश — शाळांच्या पगारबिलांचं काम करायचे. एका शिक्षण संस्थेच्या तालुक्यातालुक्यांतल्या शाळा, त्यांतले शिक्षक, शिपाई, सगळ्यांची बिलं आमच्याकडे व्हायची. त्यासाठी यांनी एक सर्व्हर घेतला होता. कमरेइतका उंच, करड्या रंगाचा, पंख्याचा आवाज असा की दुकानातलं गिऱ्हाईक खालून विचारायचं, वर पिठाची गिरणी आहे का म्हणून.

ज्यांनी ते जुनं प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या वेळी अक्कल सगळी सर्व्हरमध्ये असायची. टेबलावर जे असायचं ते टर्मिनल — म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. टर्मिनलला स्वतःचं डोकं नाही. सर्व्हरपासून एक लांब केबल यायची, तिच्यातून तिकडून जे येईल ते पडद्यावर दिसणार. सर्व्हर नसेल तर टर्मिनल म्हणजे रिकामा डबा. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही समजायची गरज नाही.

अविनाश गेले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. प्रोग्रॅम यांनी लिहिलेला, मी फक्त चालवायला शिकले होते. हे गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आता हिचं कसं होणार. मी म्हटलं, बघा कसं होतं ते. आणि झालं! एकाही महिन्याचं बिल मी चुकू दिलं नाही. भाडं मी भरत होते, माझी पोरगी मनू माझ्या जिवावर शाळेत जात होती.

हे माझ्या जेठांना खुपत होतं. जेठ म्हणजे यांचे थोरले भाऊ, नाना, धुळ्याला असतात. त्यांचं एकच टुमणं — "सुनंदा, गाशा गुंडाळ आणि धुळ्याला ये. घरात चार माणसं आहेत, तुझी दोघींची भाकरी काही जड नाही." जड नाही हो, पण ती भाकरी मला तिथे उठताबसता ऐकावी लागली असती. जाऊबाईंच्या हाताखाली लाटणं धरून जन्म काढायचा आणि मनूच्या वह्या-पेन्सिलींसाठी नानांच्या तोंडाकडे बघायचं. मला मरण पत्करलं असतं.

त्यात नेमका त्या उन्हाळ्यात महागाई भत्ता वाढला. मागल्या महिन्यांपासूनचा फरक काढून द्यायचा होता, प्रत्येक माणसाचा वेगळा. प्रोग्रॅममध्ये ती सोय नव्हती. असले बदल हे स्वतः करायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, फरकासकट बिलं वेळेत आली तर पुढचं वर्ष तुमचं. नाहीतर माफ करा, आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." म्हणजे काम गेलं की जळगाव गेलं, आणि जळगाव गेलं की धुळं. मी ठरवलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस माहेरी जाऊन येते आणि मग हातानं आकडे काढायला बसते.

माझं माहेर सोनगीर. आखाजीला खान्देशातली बाई माहेरी गेली नाही तर आई जेवत नाही. मनूनं निंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हटली, सांजोऱ्या खाल्ल्या, आमरसानं फ्रॉक माखून घेतला आणि आजीला सोडायला तयार होईना. म्हटलं राहा सुट्टीभर. मी एकटीच एस.टी.नं परत आले.

दार उघडलं तर ऑफिसच्या खोलीत सर्व्हर नाही!

जिथं तो असायचा तिथं फरशीवर नुसता चौकोनी धुळीचा डाग. बाकीचे टर्मिनलही गेलेले. आणि कोपऱ्यातल्या टेबलाजवळ, भिंतीला टेकून, माझे सासरे बसलेले. आबा. पारोळ्याजवळच्या खेड्यात राहणारा माणूस, सगळी हयात बैल-म्हशींच्या बाजारात गेलेली; नानांनी येताना वाटेत त्यांना सोबत घेतलं होतं, हे मागून कळलं. मांडीवर सर्व्हरची वायर आणि ती लांब करडी केबल, वेटोळं करून, दोन्ही हातांनी धरलेली. केबलचं एक टोक शेजारच्या टेबलावरच्या माझ्या टर्मिनलला तसंच लागलेलं. दुसरं टोक आबांच्या मुठीत.

"आबा, मशीन कुठंय?"

"नाना लई गया व माय. टेम्पो लई उनता. धुयाले कोन्ही कंपुटरना क्लासवाला शे, त्याले इकं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आखाजीला गेलेली बघून, दुसऱ्या किल्लीनं दार उघडून, माझ्या पोटावर पाय देऊन हा माणूस माझं मशीन विकून मोकळा! नानांचं म्हणणं काय, तर इंजिनीअरनं सांगितलंय की हे मशीन आता रिटायर झालं, दोन हजार साली भंगारवालाही घेणार नाही. अहो, मग मी रोज ज्याच्यावर काम करत होते ते काय खेळणं होतं? रिटायर झालं म्हणे. आबाही रिटायर झालेत, त्यांना विकलंत का?

मी आबांवरही ओरडले. लाज वाटते आता, पण ओरडले. "तुम्ही बसून बघत होतात? अडवता नाही आलं?"

"तो मनं ऐकस का?" आबा शांतपणे म्हणाले. "पन दावं मी दिधं नही. ढोर इकतस, दावं कोनी देस का?"

हे बाहेरच्या लोकांना सांगायला हवं. आमच्याकडे बैल विकला की त्याचं जुनं दावं विकणारा ठेवून घेतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, ते बांधून जनावर न्यायचं. जुनं दावं गोठ्यात टांगून ठेवायचं, म्हणजे गोठा सुना होत नाही, बरकत जात नाही. आबांनी तोच कायदा माझ्या सर्व्हरला लावला. टेम्पोवाले वायरी गोळा करायला लागले तसा म्हातारा केबलला जो बिलगला तो सुटेचना. नाना चिडले, क्लासवाले सर हसले. म्हणाले, जाऊ द्या, वायर बाजारात मिळते. टर्मिनल त्या केबलला अडकलेला म्हणून तोही राहिला. आबांच्या हिशोबानं तो खुंटा. आणि जाडा प्रिंटर राहिला, कारण क्लासवाल्यांकडे त्यांचा होता.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, काय करू आबा तुमच्या दाव्याचं, गळ्यात बांधून फिरू? आणि रागारागात त्या टर्मिनलचं बटण असं काही दाबलं की टेबल हललं. का दाबलं, विचारू नका. रोज घरात आल्यावर पहिलं तेच करायचे, हातानं सवयीनं केलं असेल.

पडदा तापला. हिरवा ठिपका आला. आणि मग 'लॉगिन' आलं.

मी केबलकडे बघितलं. दुसरं टोक आबांच्या मुठीतच होतं. बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं. दुपारचे लख्ख दोन वाजले असतील, खाली दुकानात रेडिओ चालू. असल्या वेळी कुणी भूत बघतं का?

मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नेहमीचा मेनू आला. यांनी सगळं मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं. पगार. रजा. कपाती. छपाई. मी गेली कित्येक वर्षं तो मेनू बघत होते, झोपेत म्हणून दाखवला असता. त्या दिवशी त्याच्याखाली एक ओळ जास्त होती.

फरक.

भत्ता वाढला तो हे गेल्यानंतर. यांनी ती ओळ लिहिणं शक्यच नव्हतं आणि मला ती लिहिता येत नव्हती. तिसरा कुणी त्या मशीनला हात लावत नव्हता.

आबांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. त्यांच्या लेखी पडदा उजळला म्हणजे उजळला, त्यात नवल ते काय!

"चालू शे ना?" ते म्हणाले. "मंग रडस कसाले? कर तुनं काम."

आणि मी केलं. हो, केलं! तुम्ही म्हणाल, आधी पळून का नाही गेलीस, कुणाला बोलावलं का नाही. कुणाला बोलावणार? बिलांची तारीख डोक्यावर आली होती. बुडत्याला काडी मिळाली तर तो काडीचं लाकूड तपासत बसत नाही. दिवसभर मी माहिती भरायचे, आबा चहा करून द्यायचे — गुळाचा, कोरा — आणि केबलचं वेटोळं उशाशी घेऊन गॅलरीत आडवे व्हायचे. प्रिंटर टर्मिनलच्याच पाठीला जोडलेला होता. त्यातून कागद निघायला लागले. मी अधूनमधून माणसं निवडून हातानं हिशोब करून बघायचे. बरोबर. अगदी रजेवर असलेल्या एका शिपायाचा अर्ध्या महिन्याचा फरकसुद्धा बरोबर. मी तर ती रजा विसरले होते.

तेवढ्यात नाना आले. क्लासवाल्या सरांना घेऊन, आणि ते सर लालबुंद झालेले.

"काय काढून घेतलंस त्यातून?" नानांनी दारातूनच सुरुवात केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मी? मी सोनगीरला होते नाना. कुलूप तुम्ही उघडलंत."

सर म्हणाले, "बाई, मशीन चालू होतं. पण आत काहीच नाही. युनिक्स नाही, प्रोग्रॅम नाही, एक फाईल नाही. डिस्क जागेवर आहे, चांगली आहे. पण कोरी. आमचा इंजिनीअर म्हणतो, कुणी पुसलेली डिस्क वेगळी दिसते, ही कधी वापरलीच नाही अशी आहे. तुमच्या जेठांनी तर सगळं चालू दाखवून विकलं होतं मला."

"मग माझा सर्व्हर मला परत द्या," मी म्हटलं.

"आधी आतला माल टाक," नाना म्हणाले. "लोकांसमोर माझं नाक कापलंस. अविनाश असता तर..."

झालं! 'अविनाश असता तर' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून ऐकले आणि माझा ताबा सुटला. मी नानांचा दंड धरला. हो, जेठांचा, ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता त्यांचा. आणि ओढत टर्मिनलपाशी आणलं. "बघा. काय लिहिलंय वाचा. आता ही केबल बघा. कुठं जाते?"

पडद्यावर कुणातरी गुरुजींचं बिल अर्धं भरलेलं होतं. नाना वाकले, केबल हातात घेऊन तिच्या मागं मागं गॅलरीपर्यंत गेले. आबा जागे होऊन बघत होते. उशाशी वेटोळं, त्यातून बाहेर आलेलं टोक, त्या टोकाला काही नाही. नानांनी ते टोक उचलून दोनदा फिरवून पाहिलं आणि विंचू असावा तसं टाकून दिलं.

सर तेवढ्यात कीबोर्डवर बसले होते. त्यांना विषय कळत होता ना, म्हणून त्यांची हालत जास्त वाईट झाली. त्यांनी दुसऱ्या एका मास्तरांचं बिल उघडलं, तिसऱ्याचं उघडलं, बेरीज मागितली. बेरीज आली. ते उठले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "नाना, मला तुमचा व्यवहार नको. मशीन घेऊन जा तुमचं." आणि जिना उतरून गेले.

नाना पांढरेफटक पडले होते, पण पीळ जात नव्हता. "हे बरं नाही सुनंदा. घरात असलं ठेवू नये. आपल्या गावाकडच्या भगताला घेऊन येतो, तो बांधून देईल."

"भगताला आणलंत तर जिन्यावरून त्याला आधी खाली ढकलेन आणि मग तुम्हाला," मी म्हटलं. "माझी बिलं व्हायचीत. निघा."

आबा गॅलरीतून म्हणाले, "जाय रे नाना. तिले काम करू दे."

नाना गेले. त्यानंतर धुळ्याला ये असं मला त्यांनी जन्मात कधी म्हटलं नाही. तो सर्व्हर पुढे त्यांच्याच पडवीत पडून राहिला.

बिलं वेळेत गेली. सेक्रेटरींनी चष्मा वर करून पानं चाळली आणि म्हणाले, "फरक फार व्यवस्थित काढलाय हो. कुणाकडून करून घेतलंत?" मी म्हटलं, घरीच केला. पुढच्या वर्षाचं काम माझं झालं. जळगाव सुटलं नाही, मनूची शाळा सुटली नाही.

घरी आले तेव्हा आबा गावाला गेलेले होते. टर्मिनल तसाच चालू. मेनू समोर. मी पुढ्यात बसले. आणि मग मला ते सगळं आठवलं, जे वर्षभर मी दाबून ठेवलं होतं. यांना कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे झालेले. मी हात जोडून म्हणत होते, दवाखान्यात चला. आणि हा माणूस ह्याच खुर्चीवर बसून म्हणत होता, "मार्च एंडची बिलं आहेत सुनंदा. एवढी झाली की जाऊ." बिलं झाली, मग गेलो. तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, इतके दिवस काय करत होता तुम्ही? मला विचारलं!

मेनूतून बाहेर पडून मी इंग्रजी अक्षरांत टाईप केलं — तुम्ही आहात का?

एंटर दाबलं. काही नाही. चालू मशीनला असलं काही लिहिलं तर ते 'कळलं नाही' अशी चूक तरी दाखवतं. तीही नाही. ठिपका खालच्या ओळीवर उघडझाप करत राहिला.

लिहिलं — मनू तुमची आठवण काढते.

काही नाही.

लिहिलं — मी सुनंदा.

काही नाही. बसले, वाट बघितली. खालचं दुकान बंद करायची वेळ झाली, शटर ओढल्याचा आवाज आला. मग मी परत मेनूत गेले आणि संस्थेच्या फरकाची एकूण बेरीज मागितली. बोट उचलायच्या आत आकडा हजर.

तेव्हा मी जे ओरडले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. खालून दुकानदार वर बघायला आला, काय झालं वहिनी म्हणून. मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी लावलं तर नुसता हिरवा ठिपका, आणि त्यानंतर कधीच काही आलं नाही. पुढे मी साधा पीसी घेतला, फरक काढायला शिकले, त्यावर मनूचं शिक्षण केलं, लग्न केलं. ती केबल कित्येकांना दाखवली, कॉलेजच्या प्रोफेसरांनासुद्धा. कुणी म्हणालं टर्मिनलमध्ये मेमरी असेल, कुणी म्हणालं दुसरीकडून सिग्नल पकडला असेल. मग ती जास्तीची ओळ कुठून आली, असं विचारलं की सगळे चहाचा कप उचलायचे. स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही. आता ते मी शोधतही नाही.

लोक म्हणतात, सुनंदाताई, केवढं प्रेम बघा, मेल्यावरसुद्धा संसार सांभाळायला आला. मी ऐकून घेते. पण ज्या माणसाला तिकडून एका शिपायाची अर्ध्या महिन्याची रजा आठवली, त्यानं मला एक अक्षर लिहू नये? नुसतं 'हो' लिहायला किती वेळ लागतो हो?